नाकातून गळणारं मेंदूचं पाणी

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी खेळतं असतं. शरीर ते रोज अर्धा लिटरच्या आसपास नव्याने तयार करतं. हेच सीएसएफ (सेरेब्रोस्पायनल फ्लुइड), म्हणजे मेंदूचं पाणी. मेंदू आणि नाक यांच्यामधलं हाड काही ठिकाणी अगदी पातळ असतं. तिथे भोक पडलं की पाणी नाकात उतरतं. बहुधा एकाच नाकपुडीतून, निव्वळ स्वच्छ, आणि वाकल्यावर जास्त.

दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याला असं झिरपणं नैसर्गिक वाटत होतं. डोक्याला मार न लागता पाणी गळणाऱ्या २१ रुग्णांची हकिकत लंडनचे डॉक्टर सेंटक्लेअर थॉमसन यांनी १८९९ साली पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा कुठे त्याची आजार म्हणून ठळक ओळख झाली. तरी आजही कित्येकांना हे ॲलर्जी किंवा जुनी सर्दी म्हणून अंगावर काढायला लागतं, याचं वाईट वाटतं. कारण त्याच भोकातून जंतू वर गेले तर मेंदूज्वर होतो. बीटा-२ ट्रान्सफेरिन हे प्रथिन सीएसएफमध्ये असतं, नाकाच्या स्रावात नसतं. १९७९ पासून त्याच्या तपासणीने, गळणारं पाणी मेंदूचं की नाकाचं, ही शंका फिटू शकते.

दुरुस्तीची सुरुवात कवटी उघडून झाली. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मांडीच्या स्नायूवरचं आवरण लावून भोक बुजवलं. या वाटेने वास घेण्याची शक्ती जाण्याचा धोका मोठा. पुढे डोलमन (१९४८) चेहऱ्याच्या बाजूने, हिर्श (१९५२) नाकातून गेले. १९८१ मध्ये जर्मनीत विगंड यांनी दुर्बीण वापरली. २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांची पद्धत आली: नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून भोकावर बसवायचं. रक्तपुरवठा चालू असल्याने मोठी भोकंही भरून येतात.

मला मात्र मेंदूचे शल्यचिकित्सक ओमाया यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. मार न लागता होणाऱ्या गळतीचे वाढलेल्या दाबाची आणि सामान्य दाबाची असे दोन गट त्यांनी १९६८ मध्ये केले. ‘आपोआप’ म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ गळतींमागे डोक्यातला वाढलेला दाब असतो, हे पुढे स्पष्ट होत गेलं; यात मध्यम वयाच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रिया बऱ्याच. अशांचं भोक बुजवलं आणि दाब तसाच राहिला, तर गळती पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दाब मोजणं, ॲसिटाझोलामाइड (हा दाब कमी करणारं औषध), वजन कमी करणं आणि गरज पडल्यास शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी), हाही उपचाराचाच भाग झाला आहे.