सरफॅक्टंट उपचार (नवजात)

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अर्भकाच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट हे द्रव्य श्वासनलिकेवाटे सोडण्याची उपचारपद्धती. वायुकोशांच्या आतल्या ओलसर थराचा पृष्ठताण कमी करणारे हे द्रव्य दुसऱ्या प्रकारच्या वायुकोशपेशी तयार करतात. त्यात सुमारे ९० टक्के मेद आणि उरलेली प्रथिने असतात. गर्भात ते साधारणपणे २४व्या आठवड्यापासून बनू लागते, पण पुरेसे होते ३५व्या आठवड्याच्या सुमारास. ते कमी पडले की श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो.

सरफॅक्टंटच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. फुप्फुसाच्या आकुंचनात पृष्ठताणाचा वाटा मोठा असतो, हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्ये दाखवले. नवजाताच्या पहिल्या श्वासाशी त्याचा संबंध तपासावा, असेही सुचवले. पण त्यांच्या लेखाकडे सुमारे पाव शतक कोणी फारसे पाहिले नाही. पुढे रिचर्ड पॅटल (१९५५) यांना फुप्फुसातील फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ आढळले, तर जॉन क्लेमेंट्स (१९५७) यांनी पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. दोघेही रासायनिक युद्धाशी निगडित संशोधन संस्थांत काम करत होते, हे येथे नोंदवण्याजोगे. कल्पनेचा मान नीरगार्ड यांना आणि पुराव्याचा पॅटल-क्लेमेंट्स यांना देणे अधिक रास्त वाटते. अकाली जन्मलेल्या बाळांच्या श्वसनविकाराला तेव्हा, वायुकोशांत दिसणाऱ्या काचेसारख्या पटलावरून, काचसम पटल रोग म्हणत, म्हणजे परिणामाचेच नाव रोगाला पडले होते. मूळ दोष सरफॅक्टंटच्या उणिवेत आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले.

उपचार मात्र लगेच साधला नाही. १९६०च्या दशकात डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन हा सरफॅक्टंटमधील प्रमुख मेद फवाऱ्याने देऊन पाहिला गेला. गुण आला नाही. एकटा हा मेद शरीराच्या तापमानाला घट्ट राहतो, पटकन पसरत नाही. त्याला पसरवणारी ‘बी’ आणि ‘सी’ ही सरफॅक्टंट प्रथिने त्या फवाऱ्यात नव्हती. एन्हॉर्निंग आणि रॉबर्टसन यांच्या सशांवरील प्रयोगांनंतर (१९७२) फुजिवारा यांनी १९८० मध्ये गोजन्य द्रव्यावर आधारलेले सरफॅक्टंट दहा अर्भकांना दिले आणि दिशा पालटली. अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली (१९९०) ती प्रथिनविरहित कृत्रिम औषधाला. प्राणिजन्य औषधे पुढे सरस ठरली.

सध्या गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसांपासून बनवलेली औषधे प्रचलित आहेत. मात्रा औषधानुसार वजनाच्या दर किलोग्रॅमला १०० ते २०० मिलिग्रॅम असते. श्वासनलिकेत नळी घालून औषध द्यायचे व लगेच नळी काढायची, ही एक रीत. बाळ स्वतः श्वास घेत असताना, नाकावाटे हवेचा सतत दाब चालू ठेवून बारीक नळीने औषध सोडणे, ही अलीकडे पसंत केली जाणारी दुसरी. औषध देताना हृदयाचे ठोके मंदावणे, प्राणवायूची पातळी उतरणे किंवा नळी तुंबणे संभवते. फुप्फुसात रक्तस्राव क्वचित होतो. अकाली प्रसूतीची शक्यता दिसल्यास आईला स्टेरॉइड देतात (लिगिन्स आणि हाउई, १९७२). त्याने सरफॅक्टंटची गरज घटते, संपत नाही. फवाऱ्याची जुनी कल्पना नव्या उपकरणांसह पुन्हा अभ्यासली जात आहे.