‘सूड उगवू नका’: एका वचनामागचा शब्द

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नागपूरच्या सदरमधल्या उपासनांना बसणाऱ्यांच्या कानांवरून ‘एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही गाल कर’ हे येशूचे वचन अनेकदा गेलेले असते. वाटणीत भावाने फसवलेल्याला किंवा सासरी मार खाल्लेल्या बाईला हेच वचन ऐकवून घरी पाठवले जाते, तेव्हा ते मुळात काय सांगते हे पाहावेच लागते.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हा जुन्या करारातल्या नियमशास्त्राचा दंडक सुडाला मोकळीक देत नव्हता, आवर घालत होता. एका डोळ्यापायी दोन जाऊ नयेत, इतकाच त्याचा अर्थ. त्याच नियमशास्त्रातले लेवीय १९:१८ तर सूड घेऊच नको म्हणते. येशू याच्याही पुढे जातो. हे वचन नोंदवणाऱ्या मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात नेमका उजवा गाल लिहिला आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर हात उलटाच पडतो. यात इजेपेक्षा अपमान मोठा. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात साध्या थपडेला २०० झूझ भरपाई आहे, उलट्या हाताच्या थपडेला ४००.

खरा गुंता प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात, ‘सूड उगवू नका’ म्हणणाऱ्या १२:१९ मध्ये आहे. मराठीत तिथे ‘सूड’ आहे. पौलाचा ग्रीक शब्द ‘एकदिकेओ’, आणि त्याच्या पोटात ‘दिके’, म्हणजे न्याय. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाचा पिच्छा पुरवते ती याच शब्दाने, पण तिथे मराठीत ‘न्याय’ होतो. तिच्या चिकाटीचा तर येशू दाखलाच देतो. पौल मनाई करतो ती हा न्याय स्वतःच्या हातात घेण्याला. पुढे सहाच ओव्यांनंतर, १३:४ मध्ये, दंड देणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो त्याच धातूवरून ‘एकदिकोस’ म्हणतो. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली. पत्र लिहिले तेव्हा मध्ये थांबा नव्हता. आपण मात्र बाराव्याच्या शेवटी पुस्तक मिटतो, आणि दुखावलेल्या माणसाचे सगळ्यात मोठे नुकसान तिथेच होते.

ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी चढूच नये, असे मानणारेही पूर्वीपासून आहेत. पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय त्यांच्या बाजूने उभे करता येते. पण तो अध्याय भावाभावांतल्या दाव्यांविषयी आहे, मारहाणीविषयी नाही. नागपुरात १८४५ पासून मिशनचे काम आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही मंडळी इथेच उभी राहिली. पुढे मिळकतींवरून ठिकठिकाणी मंडळ्याच कोर्टात गेल्या. जागेसाठी जी पायरी चालली, ती मार खाणाऱ्या बाईला का चालू नये?

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात एका मिशनऱ्याला त्याच्या दोन मुलांसह गाडीत जाळून मारले. त्याच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही तिने सांगितले होते. खटला चालला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली.