पर्यावरणासाठीचा मतदारसंपर्क (ठाणे व नवी मुंबई)

तळी, खाडी, डोंगर आणि झाडे यांची बाजू सभागृहात मांडील असा उमेदवार निवडून यावा म्हणून नागरिकांनी पदरमोड करून, घरोघर फिरून केलेले काम. मतदारयादीत नाव आहे का हे पाहणे, नसेल तर नोंदवायला मदत करणे, प्रभागातला प्रश्न आणि त्यावरची उमेदवारांची भूमिका समजावून सांगणे, मतदानाच्या दिवशी आठवण करणे, हे या कामाचे मुख्य भाग. ठाणे आणि नवी मुंबईत ते बहुधा पक्षाच्या झेंड्याखाली होत नाही. सोसायटीतली, कोळीवाड्यातली, तळ्याकाठी सकाळी चालायला येणारी माणसे एकत्र येतात आणि कामाला लागतात.

उगम

जगातला पहिला हरित पक्ष मानला जाणारा युनायटेड टास्मानिया ग्रुप मार्च १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर निघाला, तो एका तळ्यापायी. लेक पेडर हे डोंगरातले तळे जलविद्युत प्रकल्पात बुडणार होते. तळे वाचले नाही आणि त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाला जागाही मिळाली नाही. पण तळ्याचा प्रश्न मतपेटीपर्यंत नेता येतो, हे जगाने पाहिले. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्याला ही गोष्ट जवळची वाटावी अशीच आहे. अमेरिकेत १९७० मध्ये सुरू झालेल्या लीग ऑफ कन्झर्व्हेशन व्होटर्स या संस्थेने दुसरी वाट धरली. कोणत्या लोकप्रतिनिधीने पर्यावरणाच्या कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, याचे गुणपत्रक ती लोकांपुढे ठेवते आणि पसंतीच्या उमेदवारांसाठी प्रचारही करते.

घरी जाऊन बोलल्याने खरेच फरक पडतो का, हे ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या अभ्यासकांनी १९९८ च्या निवडणुकीत न्यू हेवन शहरात प्रयोग करून तपासले. प्रत्यक्ष भेटीने मतदान स्पष्टपणे वाढले, टपालाने आलेल्या पत्रांनी किंचित, आणि फोनने जवळपास काहीच नाही. रोज शंभर फॉरवर्ड वाचणाऱ्या आपल्या शहरांतही दाराची बेल वाजवण्याला तोड नाही, असे या कामात पडलेली माणसे सांगतात. ते पटण्यासारखे आहे.

भारतात हरित पक्ष रुजला नाही. पर्यावरणाची भांडणे इथे रस्त्यावर आणि न्यायालयात लढली गेली. नर्मदा आंदोलनाच्या मेधा पाटकर २०१४ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्या मतदारसंघाच्या पूर्वेला ठाण्याची खाडीच आहे. शेजारच्या रायगडात मात्र मताची ताकद एकदा वेगळ्या रीतीने दिसली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाहीत, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत सरकारने घेतले. ती निवडणूक नव्हती, पण त्याआधी गावोगाव झालेल्या बैठका म्हणजे मतदारसंपर्कच होता.

नगरसेवकाच्या हातात काय असते

या कामाचा कस इथे लागतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हा विषय नगरपालिका-महापालिकांकडे सोपवण्याजोगा म्हणून दिला आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते आणि त्यावर नगरसेवक बसतात. याच कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. विकास आराखड्यातल्या मैदानाचे किंवा उद्यानाचे आरक्षण बदलायचे असेल तर तो विषय महासभेत येतो. पर्यावरण सद्यस्थिती अहवालही आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो अहवाल हातात घेऊन उभा राहणारा नगरसेवक मिळाला, तर त्यातल्या कोष्टकांना अर्थ येतो.

जे नगरसेवकाच्या हातात नाही, तेही तितकेच मोठे आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तिथे वनखात्याचा अंमल. खाडीतला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा पट्टा रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. खारफुटी सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येते. ती तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर बंदी घातली. नवी मुंबईत हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या मालकीच्या जागांचा प्रश्न निराळाच, आणि कारखान्यांतून रात्री सुटणाऱ्या वासाची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते.

म्हणून ‘पर्यावरणासाठी काय कराल?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘झाडे लावू’ असे उत्तर प्रत्येक उमेदवार देतो आणि विषय संपतो. उपयोगी प्रश्न असे: वृक्ष प्राधिकरणावर गेलात, तर जागेची पाहणी केल्याशिवाय झाडतोडीच्या प्रस्तावाला मान्यता द्याल का? आमच्या सेक्टरमधल्या मैदानाचे आरक्षण उठवण्याचा विषय आला तर हात कोणत्या बाजूने वर जाईल? तळ्याकाठी आणखी काँक्रीट ओतायच्या कामाला तुमच्या निधीतून पैसे द्याल का? उत्तरे सही घेऊन कागदावर उतरवायची आणि त्याच्या झेरॉक्स जिन्यातल्या फलकावर लावायच्या. ‘नागरिकांचा जाहीरनामा’ म्हणतात तो हाच. तो सगळ्या उमेदवारांना सारखा द्यावा लागतो, नाहीतर एकाच पक्षाचे काम करताय असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

यादीचे काम

राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी बनवत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडली जाते. ही फोड करताना एखाद्या इमारतीची नावे रस्त्यापलीकडच्या प्रभागात जातात, नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्या, असेही होते. प्रारूप यादीवर हरकती घ्यायला मिळतात ते थोडेच दिवस, त्यामुळे खरी धावपळ निवडणुकीच्या महिन्याआधीच होऊन जाते. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख, म्हणजे अर्हता तारीख, पूर्वी फक्त १ जानेवारी धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरुळमधल्या एखाद्या इमारतीत रविवारी सकाळी दोघे जण जातात तेव्हा पहिली गाठ वॉचमनच्या वहीशी पडते. सेक्रेटरींना आधी फोन केलेला बरा. लिफ्टने वरच्या मजल्यावर जायचे आणि जिन्याने उतरत यायचे, म्हणजे दमछाक होत नाही आणि एकही दार चुकत नाही. हातात यादीची पाने असतात, एका पानावर तीस नावे. भेट झाली की नावापुढे पेन्सिलने खूण करायची: घर सोडून गेलेला, मयत, भाडेकरू, पुन्हा भेटायचे. पेनने लिहू नये, कारण दुसऱ्या फेरीत निम्म्या खुणा बदलतात.

आणि सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य असते, ‘आमचं मतदान गावाला आहे.’ सातारा, कोकण, खानदेश, विदर्भ, कुठूनही आलेले कुटुंब असो. वीस वर्षे इथले पाणी प्यायले, मुले इथल्या शाळेत शिकली, तरी नाव गावच्या यादीत. त्यामागे माया असते, भावकी असते, तिकडे नाव कमी झाले तर आपण परके होऊ ही भीती असते. त्यावर वाद घालून काही साधत नाही. एका माणसाचे नाव कायद्याने एकाच ठिकाणी राहू शकते, हे सांगायचे, आणि मग खिडकीतून दिसणारा डोंगर किंवा बुजत चाललेला नाला दाखवून विचारायचे की याचा निर्णय कोणी घ्यावा. काही जण त्याच दिवशी फॉर्म भरतात. बरेच जण पुढच्या फेरीला भरतात.

गावे आणि गावठाणे

नवी मुंबईतला मतदारसंपर्क टॉवरपुरता ठेवला तर तो अर्धाच होतो. हे शहर ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर उभे आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. या आठवणी घराघरांत आहेत. करावे, सारसोळे, दिवाळे इथल्या आगरी-कोळी वस्तीत फ्लेमिंगोंचा फोटो घेऊन गेलेल्याला पहिला प्रश्न येतो तो राहत्या घरांचा: गरजेपोटी परवानगीविना बांधलेली घरे नियमित कधी होणार? हा प्रश्न टाळून पक्ष्यांकडे वळणारा कार्यकर्ता दुसऱ्यांदा त्या गल्लीत जाऊ शकत नाही. उलट खाडीत जाळे टाकणाऱ्याला पाणी कधी काळे झाले, कोणती मासळी मिळेनाशी झाली, भरणी कुठून सुरू झाली हे बाहेरून आलेल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असते. त्याला ऐकायला बसणे हाच तिथला प्रचार. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातही हेच लागू पडते.

प्रभागरचना आणि अडचणी

नवी मुंबईत २०१५ ची निवडणूक १११ एकसदस्यीय प्रभागांत झाली होती. त्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि ठाण्याच्या सभागृहाची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, ते बहुसदस्यीय पद्धतीने: ठाण्यात १३१ जागांसाठी ३३ प्रभाग, नवी मुंबईत १११ जागांसाठी २८. बहुतेक प्रभागांत मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची होती. ही पद्धत पक्षाच्या पॅनेलला सोयीची आहे. पक्षाबाहेरच्या, एका तळ्यासाठी उभ्या राहिलेल्या उमेदवाराला ती जड जाते, कारण प्रभाग एवढा मोठा होतो की पायी फिरून संपत नाही. त्यावर तोड म्हणून पॅनेलमधल्या चारांपैकी ज्याने जाहीरनाम्यावर सही केली आहे त्याला मत द्या, बाकीची तीन तुमच्या मनाने द्या, असे सांगितले जाते. अनेकांना आपली चार मते चार पक्षांत वाटता येतात हेच माहीत नसते.

काही बंधने पाळावीच लागतात. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे गुन्हा आहे. पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव हवे. मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी फुकट गाडी देता येत नाही, मग घरातल्या आजीला चालवत नसले तरी. तिच्यासाठी घरच्यांनाच रिक्षा बोलवायला सांगायचे.

निकालानंतर

पॅनेल जिंको वा हरो, यादीची पाने टाकून देत नाहीत. महासभेची विषयपत्रिका मिळवायची, झाडावर खिळ्याने ठोकलेली नोटीस दिसली की तिचा फोटो काढून मुदतीत हरकत द्यायची, सही केलेल्या नगरसेवकाला सभेच्या आदल्या दिवशी फोन करायचा. जुलैअखेर अहवाल आला का, हे विचारायचे. आणि ज्यांनी ‘पुन्हा या’ म्हटले होते, त्या पेन्सिलच्या खुणांच्या दारांवर पुढच्या अर्हता तारखेआधी नमुना ६ आणि ८ घेऊन परत जायचे.