आंब्याचा हात, पावसाळी हवा आणि ग्लुकोमीटर

एप्रिल-मे महिन्यांत देवगड-रत्नागिरीकडे घरातला प्रत्येक हात आंब्याला लागलेला असतो. आढी चाळायची, रस काढायचा, आंबापोळी घालायची. त्याच हाताने कुणी रक्तातली साखर तपासली की ग्लुकोमीटरवर एकदम 300 दिसतात आणि घर हादरतं.

यंत्र बिघडलेलं नसतं. त्यात घालायची पट्टी साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढून घेते. साखर 100 असेल, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम, तर तेवढ्याशा रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा 20 लाखावा भाग. बोटावरच्या रसातून तेवढंच आणखी मिसळलं तर आकडा थेट दुप्पट. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोज ओळखतं; ते रक्तातलं की हापूसमधलं, हे त्याला कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने अशा आकड्यावर विसंबून डोस वाढवला, तर जिवावर बेतू शकतं.

स्पिरिटच्या बोळ्यावर भरवसा ठेवू नका. जपानमधल्या संशोधकांनी 2011 साली संत्रं, द्राक्ष, किवी सोललेल्या बोटांवर हे तपासलं. अल्कोहोलने पुसूनही आकडे फुगलेलेच आले, नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर ते ताळ्यावर आले. साखर पाण्यात सहज विरघळते, स्पिरिटमध्ये फारशी नाही. तेव्हा साबण-पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. बोटाच्या टोकाशी, कडेला टोचा. थेंब येत नसेल तर हात थोडा वेळ खाली सोडा. बोट जोरात पिळलं की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं.

जूनपासून दुसरी अडचण. किनाऱ्यावरची दमट हवा पट्टीवरचं एन्झाइम खराब करते, मग आकडा कमी-जास्त कसाही येतो. पट्ट्यांच्या डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो, पण झाकण घट्ट असेल तरच तो कामाचा. पट्टी काढली की लगेच झाकण लावा. पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवू नका. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरतं. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बऱ्याच पट्ट्या फोडल्यापासून 3 महिनेच चालतात. नेमकी मुदत वेष्टनावर असते.

एवढं सांभाळूनही मीटर प्रयोगशाळेइतका अचूक नसतो. 100 च्या वर 15 टक्के फरक मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकालाच मान्य आहे. 180 आणि 195 एवढ्या फरकावरून चिंता करू नये. अंगात रक्त फार कमी असेल तर आकडा वाढीव येऊ शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

दरदरून घाम, थरथर आणि आकडा 70 च्या खाली असेल, तर माणूस शुद्धीवर असताना 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासण्याआधी त्याचा हात परत धुवा, नाहीतर बोटाला आंब्याचा रस लागला असेल तर त्यातलं ग्लुकोज मीटर मोजेल आणि उतरलेली साखर वर आली असं वाटेल.