रब्बी उठल्यावर : नागपूरलगतच्या गावांतील वसंतोत्सवांची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यात सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष गुढीपाडव्याला बदलते. जुन्याचा हिशेब चुकता होतो, नव्याशी बोली ठरते, आणि मधल्या काळात मालकाला व गड्याला, दोघांनाही, वर्षभरात क्वचितच मिळणारी सवड मिळते. तूर घरी आलेली असते, हरभरा आणि गहू खळ्यावरून उठलेला असतो, आणि खरिपाच्या मशागतीला अजून अवकाश असतो. रामटेक, पारशिवनी, सावनेर, काटोल, उमरेड, कुही या गावांभोवती माघापासून वैशाखापर्यंत भरणाऱ्या जत्रा, बैलांचे पट म्हणजे शर्यती, शोभायात्रा आणि अलीकडच्या रविवारच्या कौटुंबिक सहली यांचा इतिहास पाहू गेल्यास त्याच्या मुळाशी ही सवड आहे. देवांच्या तिथी पंचांगाने ठरवल्या हे खरे. पण कोणत्या तिथीला गर्दी व्हावी, हे बव्हंशी शेतीने ठरवले.

या हंगामाची सुरुवात महाशिवरात्रीने होते. सातपुड्यातील पचमढीजवळच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन जाणारे भाविक विदर्भातील गावागावांतून निघतात आणि वाटेत महादेवाची गाणी म्हणतात. आज या यात्रेसाठी राज्याची सीमा ओलांडावी लागते. १९५६ पर्यंत मात्र नागपूर ही मध्य प्रांताची, पुढे जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी होती आणि पचमढी ही त्याच प्रांताची उन्हाळी राजधानी. सरकारचा उन्हाळी मुक्काम आणि भाविकांची वाट एकाच डोंगराकडे जात होती, हा योगायोग गमतीचा आहे. राज्य पुनर्रचनेने प्रशासन वेगळे केले. यात्रेची वाट होती तशीच राहिली.

ज्यांना इतके दूर जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी कुही तालुक्यातील अंभोरा आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांच्या संगमावर चैतन्येश्वराचे देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये येथेच रचला, असे विदर्भात अभिमानाने सांगितले जाते. अभ्यासकांचा दुसरा पक्ष हा मान अंबाजोगाईला देतो, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. गोसीखुर्द धरणाचे पाणी मागे पसरल्याने संगमाचे रूप पालटले. २०२४ मध्ये वैनगंगेवर नवा केबल पूल खुला झाल्यावर तर अंभोऱ्याला केवळ पूल पाहण्यासाठी येणारी कुटुंबेही वाढली. डब्यात पुऱ्या घेऊन आलेल्या या मंडळींना संगमाचे माहात्म्य ठाऊक असतेच असे नाही.

फाल्गुनात पळस फुलतो आणि होळीची तयारी मुलांच्या हाती जाते. शेणाच्या, मध्ये भोक पाडलेल्या चाकोल्या थापणे, त्या वाळवून माळेत ओवणे आणि ती माळ होळीत टाकणे हे या भागात मुलांचे काम मानले जाते. साखरेच्या गाठ्यांचा मान लहानग्यांना असतो. पश्चिम महाराष्ट्रात रंगाला जे स्थान रंगपंचमीला आहे, ते येथे धुळवडीला आहे. पळसाची फुले उकळून केलेला केशरी रंग मात्र आता आजीच्या आठवणीतच अधिक सापडतो.

या सवडीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे शंकरपट. पीक निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात धावपट्टी आखायची आणि त्यावर बैलजोड्या पळवायच्या, एवढाच हा खेळ आहे. परंतु त्याभोवती गावाचा अख्खा सामाजिक व्यवहार गोळा होतो. पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांसमोर सोयरिकीच्या गोष्टी निघतात, बैलांचे सौदे होतात आणि रात्री खडी गंमत रंगते. ढोलकी, तुणतुणे आणि स्त्रीवेशातील नाच्या यांच्या बळावर उभी राहणारी ही शाहिरी नागपूर परिसराची खास ओळख आहे, आणि पट नसता तर तिला इतके प्रेक्षक मिळाले असते का, अशी शंका घेण्यास जागा आहे. म्हणूनच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा गावांनी केवळ एक खेळ गमावला नाही. पाहुणे बोलावण्याचे एक निमित्तही त्यांच्या हातून गेले. बैलांना टोचणे, त्यांना इजा करणे याविरुद्धचे आक्षेप खोटे नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही न्यायालयात अडकली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. सात वर्षांच्या खंडानंतर पट पुन्हा भरू लागले. त्या काळात ट्रॅक्टरही वाढले आणि शेतकऱ्यांच्या दावणीचे बैल कमी झाले, त्यामुळे आता पटाचा बैल हा बऱ्याच ठिकाणी शेतीचा बैल नसून केवळ पटासाठी पोसलेला बैल असतो.

चैत्र हा या भागात देवळांचा महिना आहे. पारशिवनी तालुक्यातील कुंवारा भिवसेन येथे गोंड समाज आपल्या देवाची जत्रा भरवतो, तर कोराडीच्या जगदंबेच्या मंदिरात चैत्र नवरात्राला घटांच्या दर्शनासाठी रांगा लागतात. रामटेकची परंपरा लेखी पुराव्यानेही मागे नेता येते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या चरणांचा उल्लेख येतो, म्हणजे पाचव्या शतकात रामगिरीला, अर्थात रामटेकच्या टेकडीला, तीर्थाचा मान होता. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आजचे नगरधन, तेथून काही अंतरावरच होती. यादवकाळातील शिलालेख लक्ष्मणाच्या देवळात आहे, आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी गडाचा जीर्णोद्धार केला. रामटेकची सर्वांत मोठी जत्रा मात्र कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेची आहे. रामनवमीला गड गजबजलेला असतो, तरी गर्दीचे वळण गेल्या काही दशकांत नागपूर शहराकडे झुकले आहे. पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात सुरू झाली आणि तिचे चित्ररथ पाहायला आसपासच्या गावांतील कुटुंबे शहरात येऊ लागली. पूर्वी शहर जत्रेसाठी गावाकडे जात असे. येथे तो प्रवाह उलटला.

तिथीऐवजी इंग्रजी तारखेवर चालणारे दोन उत्सव या पंचांगात विसाव्या शतकात मिसळले. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती सार्वजनिक रीतीने प्रथम १९२८ मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली. पण विदर्भात तिला घराघरांतील सणाचे रूप आले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर. कामठीपासून उमरेडपर्यंत निळ्या पताका, भीमगीते, व्याख्याने आणि भोजनदान यांनी एप्रिलचा हा आठवडा भरलेला असतो, आणि पुढे वैशाखात बुद्धपौर्णिमा येते. दुसरी तारीख ३० एप्रिलची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा १९०९ मधील हा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पहाटे ग्रामसफाई, रामधून आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. येथे बहुधा ना पाळणे असतात ना खेळण्यांची दुकाने, आणि तरीही मुले येतात, कारण शाळेचे ओझे तोवर उतरलेले असते.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी कुणी बाहेर पडत नाही, म्हणून चैत्रानंतरचे बहुतेक कार्यक्रम पहाटे किंवा दिवेलागणीनंतर होतात. सालगडी कमी झाले, मळणी यंत्राने होऊ लागली, आणि शेतीची लांब सवड तुटून तिच्या जागी नोकरदारांचा रविवार आला. पटाचे आयोजक आपली तारीख रविवारी बेतू शकतात. अंभोऱ्याच्या महाशिवरात्रीला ती सोय नाही, आणि तरीही त्या दिवशी कुहीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.