कोल्ह्याला आवाजाने बोलावणं: शिट्टी आणि इलेक्ट्रॉनिक कॉलर (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियात जे लोक कोल्हे मारायला बाहेर पडतात ते कोल्ह्याच्या मागे फारसे धावत नाहीत, ते त्याला आपल्याकडे बोलावतात. कुणाच्या तावडीत सापडलेल्या सशाचं किंवा जखमी पक्ष्याचं ओरडणं काढायचं आणि कोल्हा आयतं खाणं समजून बंदुकीच्या टप्प्यात येईपर्यंत गप्प बसून राहायचं, एवढीच मूळ पद्धत आहे. हा आवाज काढायचे दोन मार्ग: एक तोंडाने किंवा हातातल्या शिट्टीने, आणि दुसरा बॅटरीवर चालणारा रिमोटचा स्पीकर, ज्याला सगळे ई-कॉलर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोलावणारा, म्हणतात. इथे कोल्हा म्हणजे युरोपातला लाल कोल्हा, आपल्याकडच्या माळावरचं खोकड नाही.

मुळात हा प्राणी तिथला नाहीच. इंग्रज वसाहतवाल्यांनी घोड्यावरून शिकारीची हौस भागवायला १९व्या शतकाच्या मध्यात व्हिक्टोरिया राज्यात कोल्हे आणून सोडले आणि १८७०च्या सुमारास मेलबर्नच्या आसपास ते रानात स्थिरावले. त्याआधी १८५९ला थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने बार्वन पार्कला ससे सोडलेले होते, त्यामुळे कोल्ह्याला खायला भरपूर मिळालं आणि ससे जसे पसरत गेले तसे कोल्हेही पसरले. आज अगदी उत्तरेचा उष्ण पट्टा सोडला तर जवळपास सगळ्या मुख्य भूमीवर कोल्हा आहे, टास्मानियात मात्र त्याचं बस्तान बसलेलं नाही. बिल्बी, नंबॅट, वॉयली हे तिथले छोटे पिशवीवाले प्राणी, जमिनीवर माती-पाल्याचा ढीग करून अंडी घालणारा मॅलीफाउल पक्षी, नदीकाठची कासवं, या सगळ्यांना याची झळ बसलीये, कारण असल्या शिकाऱ्यापासून जीव कसा वाचवायचा हे त्या प्राण्यांच्या अंगात कधी आलंच नव्हतं. शिवाय मेंढपाळांची कोकरं जातात ती वेगळीच. म्हणून तिथे कोल्हा मारणं हा नुसता शौक धरत नाहीत, कोकरांचा हंगाम जवळ आला की शेतकरी स्वतःहून ओळखीच्या शिकाऱ्यांना बोलावतात.

आवाजाने कोल्हा येतो याचं कारण त्याचे कान. २०१५ला छापून आलेल्या एका अभ्यासात लाल कोल्ह्याची ऐकण्याची कक्षा साधारण ५१ हर्ट्झपासून ४८ किलोहर्ट्झपर्यंत निघाली आणि सगळ्यात तीक्ष्ण कान ४ किलोहर्ट्झच्या आसपास. गवताखालचा उंदीर तो नुसत्या खसखशीवर पकडतो, मग शांत रात्री सशाची किंचाळी त्याला किती लांबून कळत असेल याचा अंदाज येतो. आणि नुसतं ऐकू येतं असं नाही, आवाज नेमका कुठल्या झुडपातून आला हेही त्याला कळतं, हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे.

ऑस्ट्रेलियातली खास शिट्टी म्हणजे टेंटरफिल्ड शिट्टी, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला टेंटरफिल्ड नावाचं गाव आहे त्या नावाची. पातळ पत्र्याची चकती मधोमध दुमडून अर्धचंद्र करायचा आणि दोन्ही पदरांतून आरपार एक भोक पाडायचं, झाली शिट्टी. जुने लोक घरात पडलेल्या डब्याच्या पत्र्यापासून स्वतःच करायचे. ओठ आणि दातांच्या मध्ये धरून हवा आत ओढली किंवा फुंकली की चिरका, थरथरता आवाज निघतो, पण तो जमायला वेळ लागतो, सुरुवातीला नुसती हवा जाते आणि ओठ दुखतात. एकदा जमलं की जिभेच्या हालचालीने रडका, तुटक, दमत चाललेला असा हवा तसा आवाज काढता येतो. याशिवाय पातीचे लाकडी-प्लॅस्टिकचे कॉल, म्हणजे फुंकून वाजवायच्या नळ्या, असतात ज्यात थरथरून आवाज काढणारी पाती आत बंद असते किंवा दातांनी दाबता येते अशी उघडी असते. आणि काहीच जवळ नसेल तर हाताच्या पाठीला ओठ लावून चोखल्यासारखं केलं की उंदराचा चीं-चीं आवाज निघतो, तोही जवळ आलेल्या कोल्ह्याला पुरतो. तोंडाने जनावर बोलावण्याचं कसब आपल्याकडेही होतंच, फासेपारधी तितराचा आवाज हुबेहूब काढायचे.

ई-कॉलर मूळचा अमेरिकेतला. तिथे कायोटी (लांडग्याच्या जातीतला पण लहान प्राणी) आणि कोल्ह्यांसाठी आधी रेकॉर्ड वाजवायचे, मग कॅसेट आली, मग डिजिटल पेट्या. आता फॉक्सप्रोसारख्या ब्रँडच्या पेटीत ससा, कोकरू, उंदीर, कोंबडी, कोल्ह्याची पिल्लं, माजावर आलेली मादी, असे ढीगभर आवाज असतात आणि रिमोटवरून बसल्या जागी बदलता येतात, काहींवर हलणारं शेपूट बसवतात म्हणजे कोल्ह्याची नजरही तिकडेच खिळते.

ई-कॉलरचा खरा फायदा आवाजांच्या संख्येत नाही, आवाज माणसापासून लांब जातो यात आहे. शिट्टी वाजवली की येणारा कोल्हा सरळ तुमच्या तोंडाकडेच बघत येतो, कारण जागा त्याने कानाने पक्की केलेली असते, मग तुम्ही बंदूक जरा उचलली, मान वळवली, की संपलं. पेटी तीस-चाळीस पावलांवर ठेवली तर तो पेटीकडे बघतो आणि तुम्हाला हलायला वाव मिळतो. तसंच वाऱ्याचं. कोल्हा बहुतेक वेळा सरळ येत नाही, वळसा घालून वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला जातो आणि तिथून वास घेतो. पेटी अशी ठेवायची की तो वळसा तुमच्या समोरच्या मोकळ्या जागेतून पडेल आणि तुमचा वास त्याला लागायच्या आत तो टप्प्यात असेल. हे शिट्टीने एकट्या माणसाला करता येत नाही, दोघं असतील तर एक मागे बसून वाजवतो आणि बंदूकवाला पुढे बसतो, तेव्हा थोडंफार जमतं. चेहऱ्याला थंडी, ओठ सुन्न, तोंड कोरडं, असल्या अडचणीही पेटीला नाहीत.

पण माझं मत विचाराल तर पहिलं शिकायचं ते शिट्टीच. पेटी तेच रेकॉर्डिंग त्याच लयीत पुन्हा पुन्हा वाजवते, आणि एकदा त्या आवाजावर गोळी चुकली की तो कोल्हा शहाणा झाला, पुढे तोच आवाज आला की तो उलट दिशेला जातो, आणि सगळे शिकारी त्याच दोन-चार लोकप्रिय आवाजांवर अवलंबून असल्यामुळे एखाद्या भागातले बरेच कोल्हे असे शहाणे झालेले असतात. शिट्टीत प्रत्येक किंचाळी थोडी वेगळी निघते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिट्टीवाला कोल्ह्याकडे बघून वाजवतो: तो धावत येतोय तर गप्प बसायचं, थबकला तर अगदी हळू एक चीत्कार, परत फिरायला लागला तर जोरात रडायचं. रिमोटवर हे करता येतं, पण त्यासाठी बटण शोधावं लागतं, स्क्रीनचा उजेड तोंडावर पडतो आणि ऐनवेळी हात बंदुकीवर नसतो. टेंटरफिल्ड शिट्टी तोंडात राहते, दोन्ही हात मोकळे. खिशात मावते, बॅटरी संपत नाही, काळोखात मागे विसरून येत नाही. दाट झाडीत, ओढ्याच्या कडेला, खडकाळ टेकड्यांत जिथे चालत जाऊन दर थोड्या अंतरावर दहा-पंधरा मिनिटं बसायचं असतं तिथे शिट्टीच बरी. उघड्या माळावर, रात्री, लांब पल्ल्याची रायफल घेऊन बसणार असाल तिथे पेटी.

आवाज कुठला लावायचा हे महिन्यावर ठरतं. उन्हाळा सरताना आणि शरदात, म्हणजे तिकडच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, त्या वर्षीची पिल्लं आई सोडून स्वतःची जागा शोधत फिरतात, ती भुकेली आणि भोळी असतात, सशाच्या आवाजाला पळत येतात. जून-जुलैच्या थंडीत मीलनाचा काळ, तेव्हा मादीची ती घोगरी किंचाळी कामाला येते आणि ती शिट्टीतून नीट काढणं अवघड, तिथे पेटी सरस. मादी साधारण ५१ ते ५३ दिवसांनी विते, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात बिळात पिल्लं असतात. या काळाबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण आई मारली की पिल्लं आत उपाशी मरतात. ऑस्ट्रेलियातल्या कोल्हे मारण्याच्या प्रमाणित कार्यपद्धतीतच असं आहे की दूध पाजणारी मादी मारली गेली तर बीळ शोधून पिल्लांनाही त्रास न होता लवकर संपवायचा प्रयत्न करावा. उपद्रवी प्राणी असला तरी वेदना त्यालाही तेवढीच होते, म्हणून कोल्हा थांबलेला नसेल, छाती नीट दिसत नसेल, मागे काय आहे कळत नसेल तर गोळी सोडायची नाही, मग तो शिट्टीने आलेला असो की पेटीने.

एवढं करून कोल्हे संपतात का, तर नाही. व्हिक्टोरिया सरकारने २०११पासून मारलेल्या कोल्ह्यामागे पैसे द्यायला सुरुवात केली, तरी रिकाम्या झालेल्या जागेत शेजारचे कोल्हे येऊन बसतात. मोठ्या भागात १०८० नावाच्या विषाची आमिषं टाकतात, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर १९९६पासून त्याचा मोठा कार्यक्रम चालू आहे. हे विष तिथल्या काही झाडांतच नैसर्गिकरीत्या असतं, म्हणून त्या भागातले बरेच मूळचे प्राणी ते बऱ्यापैकी सोसतात, कोल्ह्याला मात्र ते झेपत नाही. आवाजाने बोलावून मारणं उपयोगी पडतं ते एखाद्या शेतापुरतं, कोकरं जन्मायच्या आधीच्या काही आठवड्यांत, किंवा आमिषाला तोंड न लावणारा एखादा कोल्हा उरला असेल तर.

कायद्याचं देशागणिक वेगळं आहे. इंग्लंडमध्ये २००४च्या कायद्याने कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याची शिकार बंद केली, बंदुकीने मारणं चालतं आणि ई-कॉलरही चालतो, पक्ष्यांसाठी मात्र रेकॉर्ड केलेला आवाज वापरायला १९८१च्या कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतही स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत असे आवाज सहसा चालत नाहीत, कोल्ह्या-कायोटीबद्दल प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. भारतात खोकड आणि आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो (इंग्रजीत जॅकल) दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि त्यांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे वर लिहिलेलं इथल्या माळावर करून बघायचं नाही.