फाइलचा पत्ता आणि पानाचा पत्ता: डॉक्युमेंटेशनमधली लिंक कशावर टेकवायची?

समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीसाठी ठिबकचं वेळापत्रक सांगणारं एक ॲप आहे आणि त्याची माहितीपुस्तिका एमकेडॉक्समध्ये, म्हणजे मार्कडाउन या साध्या मजकुराच्या फाइलींतून (.एमडी) वेबसाइट बांधणाऱ्या साधनात, बांधायची आहे. 'लागवड' फोल्डरात 'मृगबाग.एमडी' आणि 'कांदेबाग.एमडी' या दोन फाइली, केळीच्या लागवडीच्या दोन हंगामांच्या. मृगबागेच्या पानावरून कांदेबागेची लिंक दोन तऱ्हेनं देता येते: 'कांदेबाग.एमडी' किंवा '/लागवड/कांदेबाग/'. आपल्या लॅपटॉपवर दोन्ही लिंका त्याच पानावर नेतात, म्हणून दोन्ही सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत.

पहिला फाइलचा पत्ता. साइट बांधताना एमकेडॉक्स ती फाइल खरंच आहे का ते पाहतं आणि पानाचा पत्ता स्वतः तयार करतं. उद्या कुणी फाइलचं नाव बदललं तर लगेच इशारा मिळतो. साइट बांधणाऱ्या 'एमकेडॉक्स बिल्ड' या आज्ञेला '--स्ट्रिक्ट' जोडलं असेल तर त्या इशाऱ्यावर बिल्डच थांबतं.

दुसरा पानाचा पत्ता. तो एमकेडॉक्स आहे तसा सोडून देतं. फार तर एक साधी नोंद दाखवतं, आणि नोंद म्हणजे इशारा नव्हे, त्यामुळे स्ट्रिक्टही अडवत नाही. '../कांदेबाग/' लिहिलं तरी तेच, कारण शेवटी '.एमडी' नाही. शिवाय गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर प्रोजेक्टची साइट सहसा रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या फाइलींच्या साठ्याच्या) नावाखाली असते. तिथे '/' ने सुरू होणारी लिंक थेट डोमेनच्या मुळाशी जाते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', उघडतं.

डोक्युसॉरस या अशाच दुसऱ्या साधनाची गोष्ट थोडी वेगळी. ते पानांचे पत्तेही तपासतं आणि तुटलेला सापडला की बिल्ड पाडतं, पण फक्त प्रॉडक्शन बिल्डच्या, म्हणजे प्रसिद्ध करायची साइट बांधण्याच्या, वेळी. आपल्याच लॅपटॉपवर साइट पाहायच्या 'स्टार्ट' या आज्ञेवर सगळं चालतंय एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

पण फाइलचा पत्ता लिहूनही मराठी साइट एका ठिकाणी फसते, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. लिंक पानातल्या एखाद्या शीर्षकावर न्यायची असेल तर त्या शीर्षकाला ओळख लागते. एमकेडॉक्सच्या मागे मार्कडाउनचं पान बनवणारं पायथन-मार्कडाउन असतं, ते ती शीर्षकातूनच बनवतं, मात्र मूळ सेटिंगमध्ये रोमनबाहेरची अक्षरं गाळून टाकतं. देवनागरी शीर्षकात मग काहीच उरत नाही आणि ओळख होते '_1', '_2', '_3'. पानाचं शीर्षक '_1', 'पाणी' '_2', 'खत' '_3'. पुढच्या हंगामात कुणी 'पाणी' च्या वर 'बेणं' हा भाग घातला की '_3' म्हणजे पाणी. 'खताची मात्रा' वर बोट ठेवणारा माणूस पाण्याच्या तक्त्यावर पोचतो. लिंक तुटलेली नाही, '_3' जागेवर आहे, म्हणून कुठलीही तपासणी ओरडत नाही. मला ही चूक 404 पेक्षा घातक वाटते: 404 दिसलं की निदान चुकलंय हे कळतं.

युनिकोड अक्षरं ठेवणारं सेटिंग आहे, पण ते काना-मात्रा गाळतं. 'पाणी' चं 'पण' होतं. खरा उपाय म्हणजे 'ॲट्रिब्यूट लिस्ट' हे एक्स्टेन्शन चालू करून प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकाच्या शेवटी महिरपी कंसात, # लावून, आपली ठरलेली ओळख लिहायची. शीर्षक बदललं, भाग वर-खाली झाले, तरी ती हलत नाही. जोडीला एमकेडॉक्स 1.6 किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि सेटिंगमधल्या 'व्हॅलिडेशन' मध्ये 'अँकर्स' ला (म्हणजे अशा ओळखींवरच्या लिंकांच्या तपासणीला) 'वॉर्न' (इशारा) करा. मूळ सेटिंगमध्ये तिथेही नुसती नोंदच असते. एवढं केलं की कुणी ओळख पुसली तर स्ट्रिक्ट बिल्ड तिथेच थांबेल.